दिव्यांगांसाठी आर्चरी : सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमची रविवारची बॅच सुरू झाल्यापासून आठवड्यात चार-पाच फोन तरी येतातच, बहुतेक आईवडिलांचे, कधी स्वतः त्या माणसाचा, कधी एखाद्या शाळेच्या पीटी सरांचा, आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. फोनवर घाईत अर्धं राहून जातं म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, धनुष्य शिकवणारा माणूस आहे, त्यामुळे तब्येतीचं जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारूनच करायचं.

मुलगा व्हीलचेअरवर आहे. त्याला आर्चरी जमेल का?

जमेल. हा खेळ व्हीलचेअरवाल्यांसाठी नवा नाहीच मुळी. १९४८ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या १६ जणांची स्पर्धा घेतली, त्यात १४ पुरुष आणि २ बायका, आणि ती स्पर्धा आर्चरीचीच होती. तारीख २९ जुलै, त्याच दिवशी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं, आणि १९६० च्या रोमपासून आजपर्यंत एकही पॅरालिम्पिक आर्चरीशिवाय झालेलं नाही. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल तर १९८४ ला लॉस एंजेलिसच्या मुख्य ऑलिम्पिकमध्ये व्हीलचेअरवरून खेळल्या, सगळ्यांच्या बरोबरीनं.

गुटमननी आर्चरीच का घेतली हे बॅचला आलात की दिसतं. पाय लागत नाहीत, पळायचं नाही, समोरचा येऊन धडकत नाही, आणि दोरी ओढताना पाठ, खांदे, दंड आणि बसायचा तोल हे सगळं एकदम कामाला लागतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला नेमकं तेच मजबूत लागतं.

दोन्ही हात नाहीत. तरी?

तरी. जम्मूच्या किश्तवाडची शीतल देवी आता सगळ्यांना माहिती आहे. ती खुर्चीवर बसते, उजव्या पायानं धनुष्य धरते, दोरी उजव्या खांद्याला लावलेल्या रिलीजनं, म्हणजे दोरी पकडणाऱ्या छोट्या हुकनं, ओढते आणि जबड्याच्या जोरावर बाण सोडते. कटऱ्याला ती शिकली, हांगझोऊच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये दोन सुवर्ण आणि एक रौप्य, २०२४ ला पॅरिसमध्ये राकेश कुमारबरोबर मिक्स्ड टीमचं ब्राँझ. तिच्या आधी अमेरिकेचा मॅट स्टट्झमन होता, तोही पायानंच धरतो, लंडन २०१२ ला रौप्य आणि पॅरिसला सुवर्ण.

पण हे सांगितलं की पालक दुसऱ्याच दिवशी म्हणतात, आमच्या मुलीलाही शीतलसारखं करा. तसं होत नाही हो. पायानं धनुष्य धरायला नितंबाचा सांधा भरपूर फिरायला लागतो, पायाची बोटं आणि घोटा ताकदवान लागतो, मागे सरळ टेकून बसायची सवय लागते. आधी दोन-तीन महिने नुसतं पाय उचलून धरून ठेवणं, मग रबर बँड, मग कुठे हलकं धनुष्य. आणि ज्या मुलीचा एक हात अर्धा आहे तिला पायाची गरजच नसेल, तिच्यासाठी वेगळा मार्ग निघेल. प्रत्येकाचं शरीर बघून ठरवायचं, टीव्हीवर बघून नाही.

बोटांत ताकद नाही, धनुष्य धरता येत नाही.

आर्चरीत धनुष्य घट्ट धरायचंच नसतं! चांगले खेळाडूसुद्धा मूठ आवळत नाहीत, धनुष्य तळहाताच्या अंगठ्याकडच्या भागावर टेकलेलं असतं आणि बोटं सैल. त्यामुळे मूठ वळत नसेल तर धनुष्य हाताला क्रेप बँडेजनं किंवा रुंद वेल्क्रो पट्ट्यानं बांधायचं, आणि पॅरा स्पर्धेत क्लासिफिकेशनमध्ये, म्हणजे खेळाडूचा गट ठरवणाऱ्या तपासणीत, मंजुरी असेल तर हे चालतं. बांधताना एकच बघा, रक्त अडता कामा नये. ज्यांना हाताला संवेदना नाहीत त्यांना पट्टा आवळलाय हे कळतच नाही, म्हणून दर तीन-चार बाणांनी आपण नखांचा रंग बघायचा.

आणि दोरी ओढणारा हात कमजोर असेल तर?

तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे रिलीज, बोटांऐवजी दोरी पकडणारा छोटा हुक, तो मनगटाला बांधता येतो, कोपराला लावता येतो, खांद्याच्या पट्ट्यावर बसवता येतो. दुसरा म्हणजे कृत्रिम हात, पण दुकानातला दिसायला छान हात उपयोगाचा नाही, टोकाला हुक असलेला साधा सॉकेट लागतो, आणि तो बनवून घ्यायला अवयव बनवणाऱ्याकडे धनुष्य घेऊनच जा म्हणजे त्याला काय पाहिजे ते कळेल.

तिसरा माऊथ टॅब. दोरीला चामड्याची किंवा नायलॉनची छोटी पट्टी लावायची, ती दाढांत धरायची, धनुष्याचा हात पुढे ढकलत न्यायचा, नेम लागला की तोंड उघडायचं. एक हात नसलेल्या किती तरी जणांनी असंच शिकलंय. पुढच्या दातांत धरायचं नाही, कधीच नाही. आधी डेंटिस्टला दाखवा, हलणारा दात, कॅप, ब्रेसेस असेल तर थांबा, आणि सुरुवात १० पाउंडाच्या आसपासच्या धनुष्यानं (पाउंड म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो ते). मान दुखायला लागली तर त्या दिवशी बंद. आमच्याकडे एका मुलानं जोशात येऊन थेट १८ पाउंड घेतलं आणि पंधरा दिवस मान वळत नव्हती, चूक माझी होती, मी द्यायलाच नको होतं.

व्हीलचेअर कशी लावायची?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बरेच कोच इथेच चुकतात आणि मग म्हणतात याला जमत नाही.

खुर्ची टार्गेटकडे तोंड करून लावायची नाही, आडवी लावायची. उजव्या हातानं ओढणारा असेल तर डावा खांदा टार्गेटकडे, शूटिंग लाइन खुर्चीच्या खालून जाईल अशी. ज्याचा तोल कमी आहे त्याला सरळ ९० अंशात बसवून बघा, मग थोडं पुढे, थोडं मागे, जिथे दोरी ओढल्यावर अंग कलंडत नाही तो कोन पक्का करायचा आणि जमिनीवर खडूनं खूण करून ठेवायची. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू.

हँडरेस्ट काढता येत असेल तर काढा. मग धनुष्याचा खालचा लिंब, म्हणजे मुठीच्या खालची वाकणारी काठी. लांब रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, घेतलं की त्याचं खालचं टोक चाकाला किंवा मांडीला लागतं, आणि बाण सोडताना लागलं तर बाण कुठेही जाईल, मांडीला इजाही होईल, आणि पायाला संवेदना नसतील तर जखम झालीय हे घरी गेल्यावर कळतं. म्हणून आधी बाण न लावता हळूच थोडं ओढून बघायचं, खालून कुणीतरी वाकून बघायचं, आणि दोरी तशीच हातात धरून हळूच परत आणायची, रिकामी सोडायची नाही. लागत असेल तर लहान धनुष्य, किंवा बसायची उशी बदलून उंची वाढवायची.

ब्रेक दोन्ही बाजूंचे. खुर्ची हलकी असेल तर मागे उलटू नये म्हणून अँटीटिपर चाकं. पायांखाली फूटरेस्ट डगमगता नको. छातीला पट्टा लागतो का ते बघा, ज्यांना पोटाचे स्नायू चालत नाहीत त्यांना पट्ट्याशिवाय दोरी ओढताच येत नाही, सगळी ताकद पडू नये यातच जाते. पट्टा लावल्यावर त्याच पोराचे बाण एकदम जवळजवळ लागायला लागतात, मी हे इतक्या वेळा बघितलंय.

स्पर्धेचा विचार असेल तर आत्ताच एक नियम डोक्यात ठेवा, खुर्चीची पाठ काखेच्या किमान ११० मिलिमीटर खालीच संपली पाहिजे, आणि बाण सोडताना धनुष्याच्या हाताला खुर्चीचा आधार घ्यायचा नाही. उंच पाठीच्या खुर्चीवर सवय लागली की नंतर सोडवताना त्रास होतो.

उभं राहता येतं पण फार वेळ नाही. पोलिओ आहे.

स्टूल. उंच, चार पायांचं, न हलणारं. अर्धं टेकून अर्धं उभं असं मारता येतं आणि स्पर्धेतही चालतं. कॅलिपर असेल तर तो घालूनच शिका. हरियाणाचा हरविंदर सिंग बघा, लहानपणी डेंग्यूसाठी दिलेल्या इंजेक्शनांनंतर पायांवर परिणाम झाला, टोकियोला त्यानं भारताचं पॅरालिम्पिक आर्चरीतलं पहिलं मेडल आणलं, ब्राँझ, आणि पॅरिसच्या फायनलमध्ये ६–० नं सुवर्ण.

खांदे दुखतात. चालेल का?

आधी दाखवा, मग या. कुबड्या वापरणारा किंवा खुर्ची हातानं ढकलणारा माणूस खांद्यांनीच चालत असतो. आपला खांदा दुखला तर आपण चार दिवस आर्चरी सोडू, त्याचा दुखला तर त्याला पलंगावरून खुर्चीत जाता येत नाही, संडासला जाता येत नाही. म्हणून आमच्याकडे दिव्यांग मुलांना पाउंडेज सगळ्यात हळू वाढवतो. नियम साधा आहे, पूर्ण ओढून ५ सेकंद न थरथरता धरता आलं आणि असं सलग दहा-बारा वेळा झालं तरच पुढचं. रोज १०० बाण मारायची गरज नाही, ३० चांगले मारा. ओढायचे स्नायू जेवढे, तेवढेच उलट बाजूचेही वाढवायचे, फिजिओकडून रबर बँडचे व्यायाम लिहून घ्या.

मणक्याची इजा आहे, अजून काय सांभाळायचं?

ऊन. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर तापत जातं आणि माणसाला उशिरा कळतं. एप्रिल-मे मध्ये आमची बॅच सकाळी साडेसहाला असते, साडेआठला बंद. पाण्याचा स्प्रे, ओला पंचा मानेवर, सावली.

बेडसोअर. नेम धरायच्या नादात दोन तास एकाच जागी बसणं होतं, म्हणून दर १५-२० मिनिटांनी हातावर उचलून किंवा बाजूला झुकून दाब काढायचा. घड्याळाचा अलार्म लावा, लाजायचं कशाला.

आणि टी-६, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत एक धोका असतो तो सोबत येणाऱ्या माणसाला माहिती हवाच. अचानक डोकं फुटेल असं दुखणं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागाला घाम. असं झालं की ताबडतोब ताठ बसवा, आडवं करू नका, छातीचा पट्टा आणि कपडे सैल करा, लघवीची नळी मुरडलीय का, पिशवी भरलीय का बघा, आणि उतरत नसेल तर सरळ हॉस्पिटल. बीपी झपाट्यानं वाढलेलं असतं, वाट बघायची नाही.

दिसत नाही, त्यांनी कसं मारायचं?

मला हा प्रश्न फार आवडतो. जमिनीवर पायांसाठी लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवतात, त्यात पाय टेकले की उभं राहायची दिशा दरवेळी तीच. पुढे एक ट्रायपॉड, त्यावर छोटी मऊ दांडी, ती धनुष्याच्या हाताच्या मागच्या बाजूला लागते. तो स्पर्श म्हणजेच साइट, नेम धरायची खूण. हात त्या दांडीला टेकला, अंगाची स्थिती बरोबर वाटली, सोड. मागे एक डोळस साथीदार असतो, तो बाण कुठे लागला ते घड्याळाच्या काट्यानं सांगतो, "लाल, सात, चार वाजता" म्हणजे मध्यापासून उजवीकडे थोडं खाली, मग ट्रायपॉडवर तेवढा फरक करायचा. रंग बाहेरून आत पांढरा, काळा, निळा, लाल, पिवळा असे पाठ असतातच.

अंतर सुरुवातीला ५ मीटर. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दृष्टिहीनांचा गट ३० मीटरवर खेळतो, आणि पूर्ण अंधांच्या गटात सगळे पट्टी बांधून खेळतात. पॅरालिम्पिकमध्ये मात्र हा गट नाही, हे आधीच सांगतो कारण नंतर मुलं हिरमुसतात. पूर्ण न दिसणाऱ्या एका मुलीनं आमच्याकडे पहिल्यांदा फुगा फोडला, फट्ट आवाज आला आणि ती जागेवरच उड्या मारायला लागली. तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येक दृष्टिहीन माणसाला मी आधी फुग्यांवरच मारायला देतो, रिझल्ट कानांनी कळतो.

ऐकू येत नाही?

सगळ्यात सोपं. ग्राउंडवर शिट्टीवर काम चालतं, दोन शिट्ट्या लाइनवर या, एक मारा, तीन बाण आणायला जा, आणि सलग पाच किंवा जास्त म्हणजे ताबडतोब थांबा. शिट्टीबरोबर झेंडा किंवा लाइट लावा, लाल-हिरवा पुरतो. थांबायची खूण मात्र पहिल्या दिवशी समोरासमोर दहा वेळा करून घ्या. त्यांना शिकवताना मागे उभं राहून ओरडायचं नाही, समोर यायचं, आणि बाण लावलेला असताना खांद्यावर हात ठेवून दचकवायचं नाही.

सेरेब्रल पाल्सी आहे, हात मध्येच झटका मारतो.

बसून सुरू करा, पाय पूर्ण टेकलेले, पाठीला आधार. झटका थकल्यावर, थंडीत आणि घाई केल्यावर वाढतो, म्हणून टायमर लावायचा नाही. बोटांनी सोडणं अवघड जात असेल तर रिलीज द्या, पण बटणाचा की ट्रिगरचा हे करून बघूनच, कारण काहींचा झटका नेमका बोटातच येतो आणि बाण आधीच सुटतो. तोपर्यंत अंतर ५ मीटर, समोर मोठं बट्रेस (बाण रुततो ती जाड गादी), मागे जाळी, आणि लाइनवर तो एकटा. माझ्या अनुभवात ही मुलं पहिले दोन महिने सगळ्यात मागे असतात आणि वर्षभरानं त्यांचं रुटीन सगळ्यात पक्कं असतं.

ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांग असेल तर एका वेळी एकच बाण द्या, भाता भरून नाही. पायऱ्यांची चित्रं लाइनजवळ लावा. शिट्टीचा त्रास होत असेल तर झेंडा. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

कोणतं धनुष्य विकत घेऊ?

कोणतंच नको. निदान तीन महिने नको. पालक हौसेनं ऑनलाइन ३० पाउंडाचं मागवतात आणि ते पोराला ओढताच येत नाही. क्लबचं वापरा, लहान मुलांना १०-१२ पाउंड, मोठ्यांना १४ ते २० पुरे. आपल्याकडे इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराचं बांबूचं धनुष्य स्वस्तात मिळतं, रिकर्व्ह त्याहून महाग, चांगलं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, सगळं धरून लाखाच्या घरात जातं.

कंपाउंडचा एक फायदा लक्षात घ्या, पूर्ण ओढल्यावर हाताला वजन खूप कमी लागतं, त्यामुळे ज्यांना धरून ठेवणं अवघड आहे त्यांना ते बरं पडतं. रिकर्व्हमध्ये उलट, जितकं ओढाल तितकं जड. दोरी किती मागे ओढली जाईल ती लांबी हातांच्या पसाऱ्याला २.५ नं भागून काढतात आणि त्यावरून बाण ठरवतात, ती युक्ती दिव्यांगांना बऱ्याचदा लागू पडत नाही, हात लहान-मोठे असतात, कोपर सरळ होत नाही. प्रत्यक्ष ओढायला लावून मोजा आणि सुरुवातीला बाण दोन इंच जास्तच ठेवा, आखूड बाण आत ओढला गेला तर हाताला लागतो.

सेफ्टीचं काय? भीती वाटते.

भीती वाटलीच पाहिजे थोडी. बाण फक्त लाइनवर आणि टार्गेटच्या दिशेनंच लावायचा, लाइनच्या पुढे माणूस असेल तर धनुष्याला हात नाही, रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, लिंब फुटतो. बाण काढायला व्हीलचेअरवाल्यानं जायचीच गरज नाही, स्पर्धेतही त्यांच्यातर्फे दुसरा माणूस जाऊ शकतो. पण रोजच्या प्रॅक्टिसला ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, कितीही वेळ लागला तरी. आपण मारलेला बाण आपण उपटून आणायचा आनंद काढून घेऊ नका.

आमच्या शाळेत किंवा क्लबमध्ये सुरू करायचंय. आधी काय घेऊ?

संडास बघा. खरंच. मी एका मोठ्या ग्राउंडवर पोरांना घेऊन गेलो होतो, टार्गेट भारी, धनुष्यं भारी, आणि व्हीलचेअर आत जाईल असा एकही संडास नाही. दोन मुली सकाळपासून पाणी न पिता बसून होत्या. त्या दिवसापासून मी आधी दाराची रुंदी मोजतो.

मग रस्ता. गेटपासून लाइनपर्यंत मुरूम किंवा वाळू असेल तर चाकं रुततात, प्लायवूडचे तुकडे किंवा काथ्याची चटई अंथरली तरी काम होतं, पावसाळ्यात तर हवीच. एक पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब लागतो, एकास बारा, फळी टेकवून भागत नाही. लाइनवर एका खुर्चीला सव्वा मीटर तरी जागा सोडा, आणि खुर्ची एकदा लावली की तिला हलवू नका, बाकीचे पुढे-मागे होतील. स्पर्धेत टार्गेटचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटर असतो, पण जवळून बसून मारणाऱ्या नवशिक्यांसाठी तो खाली आणा, छातीच्या रेषेत. आणि वेगळी दिव्यांग बॅच करण्यापेक्षा त्याच लाइनवर सगळ्यांना उभं करा, बसवा. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिच्यासारखं व्हायचं म्हणणारी पोरं आणि खुर्चीवरची पोरं शेजारी-शेजारी मारतात तेव्हा दोघंही जास्त सरळ बसतात.

यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आहे, म्हणजे पॅरा स्पर्धा खेळता येईल ना?

लगेच नाही. कार्डवरचे टक्के आणि खेळाचं क्लासिफिकेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, पण पॅरालिम्पिक आर्चरीत शारीरिक दिव्यांगताच बघतात, आणि तज्ज्ञ स्नायूंची ताकद, सांधे, तोल तपासून गट ठरवतात. हात-पाय दोन्हीवर जास्त परिणाम असेल तर डब्ल्यू-१, बाकीचे पात्र खेळाडू ओपनमध्ये, व्हीलचेअरवाले आणि उभे एकत्र. डब्ल्यू-१ ला धनुष्य ४५ पाउंडांपर्यंतच, अंतर ५० मीटर. ओपनमध्ये कंपाउंड ५० मीटर, रिकर्व्ह ७० मीटर. गटात बसलं नाही तर सर्वसाधारण स्पर्धा खेळा, तिथे कुणी अडवत नाही.

रोजची औषधं चालू आहेत.

स्पर्धेला जायच्या आधी यादी डॉक्टरांना दाखवा. बीपीची बीटा ब्लॉकर गटातली औषधं हात स्थिर करतात म्हणून आर्चरीत बंदी आहे, स्पर्धेबाहेरसुद्धा. गरज असेल तर रीतसर परवानगी मागायची असते. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

वय किती लागतं?

नऊ-दहा वर्षांचं मूल सूचना ऐकून थांबू शकत असेल तर या. वरची मर्यादा नाही.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

अंगाला बसणारा टीशर्ट, ढगळ शर्ट दोरीत अडकतो. केस बांधून, गळ्यातलं-कानातलं घरी ठेवून. टोपी, पाण्याची मोठी बाटली, रोजची उशी, व्हीलचेअरचे टायर हवा भरून. डॉक्टरांची फाइल असेल तर ती. सोबत कुणी येत असेल तर त्यांनी उत्तरं द्यायची नाहीत एवढंच, मी प्रश्न त्या मुलालाच विचारतो, आणि त्याला बोलायला वेळ लागत असेल तर आम्ही थांबतो.